बगळीचं गॅस्केट

सोमवारी आमचं गॅरेज बंद असतं, आणि बंद गॅरेजइतकी झोपायला चांगली जागा सगळ्या कोल्हापुरात नाही. शटर अर्धं ओढलेलं आहे. आत थंड अंधार आणि ग्रीसचा वास. बगळी नावाच्या गाडीची काढून ठेवलेली मागची सीट मी भिंतीकडेला जमिनीवर टाकली आहे आणि तिच्यावर आडवी झाले आहे. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं मी स्वतःला बजावते. असं बजावणाऱ्याला झोप आधी लागते, हे माझ्या नवऱ्याचं म्हणणं.

नवरा म्हणजे आनंदा लोहार. उद्यमनगरात सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मग मीही मिस्त्रीच म्हणायला लागले. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. गॅरेज आता मी चालवते. लग्न होऊन आले तेव्हा मला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. पुढे असं झालं की मिस्त्रींनी हात मागे करायचा आणि मी न विचारता हवा तो पाना त्यात ठेवायचा. जे शिकले ते त्या हाताकडे बघून शिकले.

बगळी ही चौगुलेकाकांची पांढरी, जुनी डिझेल गाडी. तिचं इंजिन मिस्त्रींनी आजारपणात बांधायला घेतलं. खालचा ब्लॉक पुरा केला, पिस्टन बसवले, आणि वरचं हेड चढवायच्या आधी दवाखान्यात गेले ते तिकडचेच झाले. हेड मी चढवलं. तेव्हापासून तीनदा गॅस्केट उडालं आहे.

गॅस्केट ही तशी फार मोठी वस्तू नाही. खाली ब्लॉक, वर हेड आणि दोघांच्या मध्ये दाबून बसवलेला हा पातळ पत्रा. कुकरच्या झाकणाला रिंग असते, तेच काम. आतली आग आत राहिली पाहिजे आणि पाणी पाण्याच्या वाटेनं गेलं पाहिजे. पत्रा फाटला की आग पाण्यात शिरते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि मागून पांढऱ्या धुराचे लोट. बगळी गावात शहाण्यासारखी पळते आणि घाट चढायला लागली की उकळते. तिन्ही वेळा तेच.

मी काही करायचं बाकी ठेवलं नाही. हट्टानं प्रत्येक वेळी आख्खं इंजिन खाली उतरवलं. हेड मशीनवर घासून सपाट करून आणलं, ते यायला दर खेपेला आठवडा, तोवर ब्लॉक स्टँडवर पोत्याखाली. रेडिएटर साफ केला. हेड ब्लॉकवर आवळणारे बोल्ट नवे आणले. बोल्ट किती आवळला ते सांगणारा टॉर्कचा पानासुद्धा तपासून आणला, न जाणो तोच लबाड निघायचा. तो लबाड नव्हता.

उद्यमनगरात कुणाची जीभ बांधलेली नाही. मिस्त्रींचा हात शेवटी थरथरत होता, ब्लॉकच वाकडा घासून आणला असणार, असं आता माझ्यासमोर म्हणतात. चौगुलेकाका भला माणूस, पण तेही किती दिवस चालत फिरणार? उद्या सकाळी ते दुसरा ब्लॉक घेऊन येणार आहेत आणि हा, मिस्त्रींच्या हातचा शेवटचा, भंगारात जाणार आहे. मी हो म्हटलं आहे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मलाही आता वाटायला लागलं आहे की हात थरथरला असेल.

घर गॅरेजच्या मागेच आहे. स्वयंपाकघराचं दार सरळ गॅरेजमध्ये उघडतं, आणि त्या दारापलीकडे आत्या वाती वळत बसल्या आहेत. आत्या म्हणजे सासूबाई. त्यांच्या मांडीवर वात फिरवण्याचा आवाज येतो, अगदी बारीक. समोर स्टँडवर उघडा ब्लॉक. त्याची चार मोठी भोकं माझ्याकडे बघतात. मी त्यांच्याकडे बघते. कोण आधी डोळे मिटतं ते बघू, असं काहीतरी माझ्या मनात येतं.

मिस्त्री त्यांतल्या एका भोकाच्या काठावर बसले आहेत, पाय आत सोडून. विहिरीवर बसावं तसे. ब्लॉक एवढा मोठा कधी झाला, हे मला विचारावंसं वाटत नाही. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आहे आणि आत पाणी असणार, कारण पाय हलवले की आवाज येतो.

"कधी आलासा?" मी म्हणते.

"आत्ताच. शटर अर्धंच उघडं ठेवलंयस. वाकून यायला लागलं, कंबर धरली माझी."

मेलेल्या माणसाची कंबर धरते का, हे मी विचारत नाही. मला भयंकर राग आला आहे. एवढ्या दिवसांनी आले आणि आल्या आल्या तक्रार. मी त्यांना सगळं सुनावते. बगळी तीनदा कशी उकळली, लोक काय बोलतात, उद्या काय होणार, आणि हे सगळं मी एकटीनं कसं निस्तरायचं. ते पाय हलवत ऐकतात. जिवंत होते तेव्हाही असेच ऐकायचे, मध्ये एक शब्द न बोलता. त्यामुळे भांडण कधी रंगायचंच नाही.

"दाव बरं मला," ते म्हणतात.

घाट लागला आहे. बगळी मी चालवते आहे, ते शेजारी बसले आहेत, मांडीवर पाण्याचा कॅन. वळणावर दगड रंगवलेले आहेत आणि पुढच्या वळणावर आमच्या स्वयंपाकघराची फळी आहे, डबे ओळीनं मांडलेले. मी हॉर्न देऊन फळीच्या कडेनं गाडी काढते. इंजिन किती तापलं ते सांगणारा काटा वर चढायला लागतो. माझा जीव त्या काट्याबरोबर चढतो. त्यांचा नाही. ते बाहेर बघत आहेत, करवंदं पिकली का ते.

गाडी उकळते. आम्ही उतरतो. ते रेडिएटरचं झाकण नुसत्या हातानं उघडतात, मी ओरडायच्या आत. वाफ येते, आणि वाफेला फोडणीचा वास आहे. मोहरी तडतडण्याआधी कढईत तेल तापतं, तो वास.

"हे काय?" मी विचारते.

"तेच तर मी इचारतोय," ते म्हणतात. मग विचारतात की पत्रा फाटतो कुठल्या बाजूला.

मी सांगते, मागच्या दोन भोकांच्या मध्ये. तिन्ही वेळा तिथंच. म्हणून तर लोक म्हणतात की ब्लॉक तिथं खचलेला आहे.

"सरळ पट्टी ठेवून बघितलीस?"

"बघितली. खालून उजेड न्हाई आला."

"मग ब्लॉक सरळ हाय."

"लोक म्हणत्यात..."

"लोकांनी पट्टी ठेवली व्हती?"

त्यांचं हे असंच. बोलणं मऊ, आणि पुढं बोलायला जागा ठेवायची नाही.

दवाखान्यातला वॉर्ड आहे. घाटातली हवा तशीच आहे, गार, पण पलंगांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक पलंगावर पांढऱ्या चादरीखाली एकेक इंजिन झोपलं आहे. मिस्त्री त्यांच्या पलंगाशी खाली बसले आहेत. पलंग कुरकुरायचा म्हणून माझ्या केसांतला आकडा घेऊन त्याचे स्क्रू आवळत आहेत. हे त्यांनी खरोखर केलं होतं. सिस्टर रागावली होती आणि मग तिनंच शेजारच्या म्हातारबाबांचाही पलंग करून घेतला होता.

"मधून सुरू करायचं," ते स्क्रूशी बोलतात, "मग बाहेर, बाहेर. कुणावर एकदम भार न्हाई टाकायचा."

मी त्यांच्या हाताकडे बघते. आकडा थरथरतो आहे. इतके दिवस जे विचारायचं राहिलं ते आता तोंडात येतं. न विचारता उद्या तो ब्लॉक भंगारवाल्याच्या गाडीत चढताना मला बघवणार नाही.

"अहो, बगळीचं करताना तुमचा हात थरथरत व्हता?"

ते हात पुढे धरतात. दोन्ही. लपवत नाहीत.

"व्हता की. म्हणून तर एकूण एक गोष्ट दोनदा मोजली. धडधाकट व्हतो तवा एकदाच मोजायचो."

मला रडू येतं. स्वप्नातलं रडू बरं असतं, नाक चोंदत नाही. ते मला रडू देतात आणि तोवर राहिलेला स्क्रू आवळतात.

"बोल्ट नवे," मी डोळे पुसून म्हणते. "टॉर्कचा पाना कट्ट वाजेपर्यंत आवळलं. सगळं. मग आनी काय ऱ्हायलं?"

"पाना खोटं बोलत न्हाई, मालन. पण बोल्ट कशावर जाऊन घट्ट झाला, ते त्याला कुठलं ठावं?"

मला हे कळत नाही. कळल्यासारखं होतं आणि निसटतं. ते उठतात, चादरीखालची इंजिनं ओलांडत चालायला लागतात, आणि वॉर्डाच्या टोकाला आमचं गॅरेजमधलं टेबल आहे. टेबलावर व्हाइस. वस्तू घट्ट धरून ठेवायचा तो लोखंडी जबडा, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. लोहाराच्या घरात लोखंड शनीचं. शनिवारी ते कोरडं ठेवायचं नाही, हा नेम आहे. आत्या दर शनिवारी आंघोळ करून, पळीत शेंगतेल घेऊन, गॅरेजमध्ये येतात आणि व्हाइसला तेल घालतात. मिस्त्री गेले, सुतक फिटलं, आणि पुढच्या शनिवारी आत्या पळी घेऊन हजर होत्या. मी त्या वेळी दारात पाणी मारत असते. त्या आल्या-गेल्या एवढंच मला माहीत.

"हात लाव," मिस्त्री म्हणतात.

मी व्हाइसच्या जबड्यावरून बोट फिरवते. बोट तांबडं होतं. गंज. कितीतरी दिवसांचा, खरखरीत, बोटाला टोचणारा.

"दर शनिवारी तेल घालत्यात की आत्या," मी म्हणते.

"घालत्यात. कुठं?"

ब्लॉक आता आपल्या नेहमीच्या आकाराचा झाला आहे आणि स्टँडवर आहे, त्याची मागची बाजू स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारातून येणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या बाईचा हात पोहोचेल तेवढीच बाजू. मोठ्या भोकांच्या कडेनं बोल्टांची बारीक भोकं आहेत, तळ बंद असलेली. मी दर वेळी ब्लॉकचा वरचा भाग आरशासारखा पुसला होता. ह्या बारीक भोकांत बघायचं मला सुचलं नव्हतं.

मिस्त्रींच्या कानावर पेन्सिल असायची. आज तिथं कापसाची वात आहे. ती काढून ते एका भोकात सोडतात. खाली, खाली, वात तेवढी लांब नाही तरी जात राहते. खोल आडात दोर सोडावा तसे ते ती सोडत राहतात. मग ते ती वर ओढतात. ती भिजली आहे. थेंब पडतो, त्याचा आवाजसुद्धा येतो.

"वास घे."

"शेंगतेल," मी म्हणते.

"तेल दबत न्हाई," ते सांगतात. "वरनं बोल्ट आला, खाली तेल. जाईल कुठं ते? बोल्ट तेलावर जाऊन टेकला, पाना कट्ट वाजला, आणि तू समजलीस हेड बसलं. हेड अधांतरीच ऱ्हायलं त्या बाजूला. गावात चालतंय तसं. घाटात भार आला की उचलतंय."

मला हसू फुटतं. एवढ्या साध्या गोष्टीपायी मी ह्या माणसावर संशय घेतला. मग हसू थांबतं, कारण दारापलीकडून वात वळण्याचा आवाज येतो आहे. आता हे त्या बाईला कोण सांगणार? मुलाचं शेवटचं काम त्यांनीच तीनदा फोडलं, हे?

"आईला बोलू नको," ते म्हणतात.

"आनी त्यांनी परत घातलं तर?"

"घालणारच. तिला कुठं तरी घालायला लागतंय." ते वात माझ्या तळहातावर ठेवतात आणि माझी बोटं एकेक करून मिटतात. त्यांचा हात गरम आहे. "कुठं घालंल, ते बघ तू."

मी म्हणते, जाऊ नका. साधं तेवढंच म्हणते. ते शटरपाशी पोहोचले आहेत. वाकण्याआधी कंबर धरतात.

"शटर पुरतं वर करत जा गं," ते बाहेरून म्हणतात, आणि उजेड होतो.

उजेड शटरखालून येतो आहे, उन्हाची तिरीप माझ्या तोंडावर. सीटचं रेक्झीन गालाला चिकटलं आहे. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली आहे. मी ती उघडते.

तळहातावर कापसाची वात आहे. तेलानं भिजलेली. रेषांमधून तेल मनगटाकडे ओघळलं आहे, आणि नाकाशी नेलं तर ज्या गॅरेजमध्ये डिझेल आणि ग्रीसशिवाय दुसरा वास नाही तिथं शेंगतेलाचा वास.

आत्या दिवसभर वाती वळतात, एखादी उडून आली असेल. झोपेत उठून मीच ती भोकात घातली असेल. काय झालं असेल ते असो. मी उठून व्हाइसवर बोट फिरवते. तांबडं. मग सळईला फडकं गुंडाळून ब्लॉकच्या पुढच्या बाजूच्या भोकात घालते. कोरडं. दाराकडच्या भोकात घालते. फडकं चिंब होऊन वर येतं. मिस्त्री, तुमचं काम सरळ होतं. हे मी मोठ्यानं म्हणते की मनात, मला आठवत नाही.

"उठलीस व्हय?" आत्या दारात उभ्या आहेत. एका हातात चहाचा पेला, दुसरा चौकटीवर. त्यांची नजर ब्लॉककडे आहे, माझ्याकडे नाही. "उद्या नेणार न्हवं का ह्याला?"

"न्हाई नेणार. चौगुलेकाकांना फोन करते."

"माझ्या आंदूचं काम चुकलं न्हवतं?"

हा प्रश्न त्यांनी आजवर विचारला नव्हता. उद्यमनगर काय बोलतं ते स्वयंपाकघरात ऐकू जातं, हे मला कळायला हवं होतं.

"न्हाई आत्या. पार सरळ हाय."

त्या पेला उंबऱ्यावर ठेवतात आणि शेजारी बसतात. मग विचारतात की मग चुकलं काय.

बोलू नको असं ते म्हणाले होते. पण खोटं बोलायला मी गेले की माझं तोंड मला साथ देत नाही, आणि ह्या बाईनं जन्म लोहाराच्या घरात काढला आहे. मी तळहात पुढे करते. त्या वात उचलतात, नाकाशी नेतात. ब्लॉककडे बघतात. माझ्या हातातल्या चिंब फडक्याकडे बघतात. त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

"व्हाइस गॅरेजचा," त्या शेवटी म्हणतात. "ह्यो त्याच्या हातचा. मला वाटलं, ह्याला कोरडं कसं ठेवायचं?"

"मला ठावं हाय."

"मग आता शनिवारी कुठं घालू गं?"

त्या खरोखर विचारत आहेत. म्हाताऱ्या माणसानं रस्ता विचारावा तसं. माझ्याजवळ उत्तर आहे, ते नुकतंच कुणीतरी माझ्या मुठीत ठेवून गेलं आहे. मी उंबऱ्याखाली, त्यांच्या पायाशी, पाठ करून बसते. आकडा काढते आणि केस सोडते. मिस्त्री गेल्यापासून केसांना तेल लागलेलं नाही. काथ्यासारखे झाले आहेत.

"हितं घाला."

"शनिवारी बाईच्या डोक्याला तेल लावत न्हाईत," आत्या म्हणतात. नेम म्हणजे नेम.

"आज सोमवार हाय."

मग टाळूवर एक थेंब पडतो. त्या वात पिळत आहेत. एवढ्याशा वातीत किती तेल असणार, पण ते संपत नाही. मग त्यांची बोटं केसांत येतात, खरखरीत, थोडी थरथरणारी. मधून सुरुवात करतात. मग बाहेर, बाहेर.

मी डोळे मिटत नाही. शटर पुरतं वर करायला हवं, असं वाटतं, पण उठत नाही. उंबऱ्यावर चहा निवत राहतो.